उजव्या काखेचा रिपोर्ट

गुरुवार, ६ नोव्हेंबर

कॅन्सरच निघाला. आणि कुठे, तर छातीवर, बोंडाच्या मागे! बायकांना होतो तो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुरुषांनाही होतो, काका. कमी होतो, पण होतो." मी मान हलवत राहिलो. मनात वाटत होतं, आत्ता या फाइल बंद करतील आणि म्हणतील, अहो चुकून दुसऱ्याची आली. तसलं काही झालं नाही.

गाठ शर्टाच्या बटणाएवढी. बरेच महिने हाताला लागत होती. मला वाटायचं, लेथवर वाकून काम करतो, हँडलचा मार बसला असेल. जन्मभर टर्नरकी केली, लेथवर लोखंड कातलं, अंगावर कुठे ना कुठे टेंगूळ असतंच. कोण बघतंय!

आता प्रश्न एकच — काखेत उतरलाय का. हा आजार पसरायचा झाला तर म्हणे आधी काखेतल्या गाठींत जातो. सोनोग्राफीत उजव्या काखेतल्या दोन गाठी फुगलेल्या दिसल्यात, पण धड हो म्हणता येत नाही, धड नाही म्हणता येत नाही. म्हणून एमआरआय. काख साफ निघाली तर छोटं ऑपरेशन. नाही निघाली तर काखेतल्या गाठी काढायच्या, जड औषधं घ्यायची, आणि हात सुजू शकतो. कायमचा. उजवा हात! मी विचारलं, "म्हणजे लेथ?" त्या म्हणाल्या, "ते नंतर बघू."

मग घरची चौकशी. आई कशाने गेली, बहीण कशाने गेली. म्हटलं, ताईचं छातीचंच काहीतरी होतं, घरात कोणी त्यावर बोलायचं नाही. ते त्यांनी लिहून घेतलं. "मुलं?" म्हटलं, मुलगा नाही. "मुलगी?"

नाही म्हणालो.

का म्हणालो? चांगली धडधाकट पोरगी आहे माझी. दुसऱ्या शहरात असते, नवरा आहे, नोकरी आहे. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून मी तिला भिंगरी म्हणायचो, अजून म्हणतो. आणि सरळ तोंडावर 'नाही'! बाईंनी पुढचा प्रश्न विचारला आणि मी त्याचं उत्तर देऊन टाकलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

वर्कशॉपमध्ये सांगितलं, खांदा धरलाय, तपासण्या चालू आहेत. फोरमन लगेच वैद्य झाला. "गरम तेल चोळ. उशी बदल. डाव्या कुशीवर झोप." मिलिंग मशीनवाला म्हणाला, त्याच्या सासऱ्याचा असाच धरला होता, लोंबकळून सुटला. कशाला लोंबकळून ते विचारलं नाही. संध्याकाळी फोरमनने तेलाची बाटलीच आणून दिली. बिचाऱ्याने घरून आणली. घेतली. काय करणार?

त्यांना खरं काय सांगू? फुप्फुस म्हटलं असतं, किडनी म्हटलं असतं, तर सगळे धावले असते. हे ऐकून धावतीलही, पण पाठ फिरली की कोपऱ्यात कोणीतरी फिस्स करेल. त्यांच्या जागी मी असतो तर मीही केलं असतं.

रविवार, ९ नोव्हेंबर

भिंगरीचा फोन. आमचं रविवारचं ठरलेलं असतं.

"जेवलात का बाबा?"

"जेवलो. तू?"

"हो. तब्येत?"

"ठणठणीत."

"बरं मग."

"बरं."

संपलं! ही होती तेव्हा फोन वाजला की मी उचलायचो आणि म्हणायचो, थांब, आईला देतो. मग त्या दोघी तासन्‌तास. मी पेपर वाचायचो आणि एका कानाने ऐकायचो, त्यात मला पोरीचं सगळं कळायचं. ही अशी अचानक गेली — हार्ट — आणि आता फोन द्यायला घरात कोणी नाही. दोघं आपापल्या टोकाला घसा खाकरत बसतो.

मी ठरवलंय. काख साफ निघाली तर भिंगरीला काही सांगायचं नाही. छोटं ऑपरेशन करून घेईन, पट्टी निघेल, विषय संपेल. काखेत निघाला तर मात्र सांगावंच लागेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एमआरआयची तारीख होती. झालाच नाही! चूक माझीच.

आधी बसवलं ते महिलांच्या विभागात. सगळ्या खुर्च्यांवर बायका, आणि मी. रिसेप्शनवरची नाव पुकारते तर आधी 'श्रीमती', मग माझं आडनाव. उभा राहिलो. ती म्हणाली, "पेशंटना पाठवा ना." म्हटलं, "पाठवलंय. मीच तो." कानापर्यंत लाल झाली बिचारी. मीसुद्धा झालो असणार. अंगात घालायला गुलाबी झगा दिला, पुढून नाड्या. नाड्या बांधता येईनात. जन्मभर सुताएवढा फरक डोळ्यांनी ओळखला आणि आज दोन नाड्यांपुढे हात टेकले.

आत मशिनीवरची बाई, वयाने भिंगरीएवढीच असेल. प्रश्न विचारायला लागली. पेसमेकर? नाही. अंगात स्क्रू, पट्टी? नाही. डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता? नाही. झोपायला निघालो तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. बोटांच्या चिरांतला काळा काही निघत नाही, कितीही घासा.

"काका, काम काय करता?"

"टर्नर. लेथवर."

"मग डोळ्यात लोखंडाचा कीस उडतच असेल!"

"तो काय, रोजचाच. फोरमन काडीपेटीच्या काडीला रुमालाचं टोक गुंडाळतो आणि काढतो."

ती मटकन स्टुलावर बसली. म्हणे, त्यालाच धातूचा कण म्हणतात, काका! हे एवढं मोठं लोहचुंबक आहे, डोळ्यात एक कण राहिला असेल तर आत सरकेल, डोळा जाईल. मला खरंच सुचलं नव्हतं. धातूचा कण म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अपघात आला, अँब्युलन्स, पट्ट्या. डोळ्यात कीस जाणं म्हणजे आमच्याकडे शिंक येण्यासारखं. कोणी ध्यानात ठेवतं का?

आता आधी डोळ्यांचा एक्स-रे, मग पुढची तारीख. जीव पुन्हा टांगणीला.

बसस्टॉपवर उभा होतो तर भिंगरीचा फोन. बुधवारी! घाबरलोच.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही, सहज. तुम्ही कुठे आहात? गाड्यांचे आवाज येतायत."

"कामाला निघालोय."

"बरं... बाबा —"

"काय?"

"काही नाही. ठेवते."

वेळ मारून नेली. तिला कळलं असतं मी कुठून निघालोय तर!

शनिवार, १५ नोव्हेंबर

डोळ्यांचा एक्स-रे साफ. फोरमनची काडी जिंदाबाद.

रविवार, १६ नोव्हेंबर

जेवलात का, जेवलो. आज मी एक वाक्य जास्त बोललो. म्हटलं, थंडी पडायला लागलीय. ती म्हणाली, हो ना. मग ठेवला.

काल कपाट आवरताना हिची शाल निघाली. दुपारभर खांद्यावर घेऊन बसलो. काही बोलू तरी कोणाशी? भिंतीशी बोलायची अजून वेळ आलेली नाही, पण लांब नाही. फार एकटं वाटतंय. लिहून टाकलं एकदाचं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

झाला एमआरआय.

आधी बराच वेळ बाहेर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया गेलेल्या. माझ्याएवढ्याच असतील. मला म्हणाल्या, "बायकोबरोबर आलात का भाऊ?" म्हटलं, "बायको गेली. मीच पेशंट." मला वाटलं, दचकतील. कसलं काय! पर्समधून आल्याची गोळी काढून हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मळमळ होते हो नंतर, ठेवा. आणि तो झगा उलटा घातलाय तुम्ही." दोन आठवड्यांत पहिल्यांदा मी मोठ्याने हसलो.

बोलत बसल्या. त्यांचं निदान झाल्यावर डॉक्टरांनी बहिणीलाही तपासायला लावलं. बहीण नाही नाही म्हणत होती. तपासलं तर तिच्यातही गाठ सापडली, मोहरीएवढी. "लवकर सापडली म्हणून आज नाचतेय. नाहीतर माझ्यासारखी टकली झाली असती." मग मला विचारलं, "तुम्हाला लेकीबाळी?"

"एक आहे."

बघा! डॉक्टरांना नाही म्हणालो आणि या परक्या बाईला फटकन खरं सांगून बसलो.

"मग तिला सांगितलंत ना?"

"काखेचं कळू दे, मग बघू."

"तुमच्या काखेचा आणि तिचा काय संबंध हो, भाऊ?"

मला राग आला. चांगलाच. म्हटलं, असतो संबंध. तेवढ्यात मला आत बोलावलं.

टेबल बायकांच्या हिशोबाने केलेलं. पालथं झोपायचं, छातीच्या जागी दोन खळगे. माझ्यासारख्याचं त्या खळग्यांत काय जाणार? मशीनवालीने टॉवेलाच्या घड्या लावून लावून मला बसतं केलं, लेथवर वाकडा जॉब पॅकिंग देऊन बसवतात तसं. हात डोक्याच्या वर, काख उघडी. दंडात सुई, तिच्यातून औषध सोडणार, म्हणजे गाठी उजळून दिसतील. मुठीत रबरी फुगा दिला. "भीती वाटली तर दाबा. आणि काका, हलायचं अजिबात नाही. श्वास सावकाश."

मग तो आवाज! ठक ठक ठक, मग घर्रर्र, मग नुसता मार. लोखंडाचा तुकडा पकडणारा चक सैल झाला की लेथ असाच ओरडतो. सवयीने हात स्विचकडे जायला बघत होता. हललो नाही. मध्येच कानातल्या भोंग्यातून ती म्हणायची, "छान चाललंय काका." परत ठकठक. परत, "अगदी छान." ती सगळ्यांनाच म्हणत असणार, मला काय कळत नाही? पण त्या बोगद्यात दुसरं कोणी नव्हतं, आणि मी तिच्या पुढच्या 'काका'ची वाट बघत पडलो होतो. असाच एकदा तिचा आवाज आला आणि माझे डोळे भरून आले. पुसताही येईनात, हात वर.

बाहेर आलो तर रुमालवाल्या बाई गेलेल्या. नावही विचारलं नव्हतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

रिपोर्ट सोमवारी. कामात लक्ष नाही. एक बुश, म्हणजे छोटी लोखंडी नळी, जास्त कातला, भंगारात गेला. फोरमन म्हणाला, "खांदा नाही रे, तुझं डोकं धरलंय."

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सारखा काखेत हात जातो. बसमध्येही. शेजारचा सरकून बसला.

रविवार, २३ नोव्हेंबर

भिंगरीने विचारलं, "बाबा, आत्या कशाने गेली हो?"

म्हटलं, "आजारीच असायची ती."

"आजार काय होता पण?"

"मला काय माहीत! जुनी गोष्ट. तुला हे मध्येच काय सुचलं?"

"सहजच. बरं, जेवलात का?"

पोरीला कोणी काही सांगितलं की काय? कोण सांगणार, कोणालाच माहीत नाही. उद्या रिपोर्ट चांगला येऊ दे, म्हणजे हे सगळं मिटेल.

सोमवार, २४ नोव्हेंबर

काख साफ!!

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. ही फासळी, ही काख, या गाठी. मला तर सगळं राखाडीच दिसलं. त्या म्हणाल्या, गाठीची कड गुळगुळीत आहे, मधली चरबी जागेवर आहे, आकार नेहमीचा. कॅन्सर शिरला की हे बिघडतं. सोनोग्राफीत शंका आली ती फुगण्यामुळे, आणि फुगायला हाताची एखादी जखमही पुरते. टर्नरच्या हाताला जखमांचा काय तोटा! एमआरआय म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, ऑपरेशनच्या वेळी एक-दोन गाठी काढून तपासणारच, पण सगळी काख उकरायची नाही. हात वाचला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन.

जीव भांड्यात पडला. जिना उतरताना चक्क शीळ घातली. मग रस्त्यावर येऊन फोन काढला, आणि लक्षात आलं — सांगू कोणाला? दुखणंच कोणाला सांगितलं नव्हतं तर बरं झाल्याचं कोणाला सांगणार! शेवटी फोरमनला लावला.

"काय रे, खांदा कसा आहे?"

"बरा आहे. एकदम बरा."

"तेल लागू पडलं म्हण की!"

"हो. तेलानेच."

घरी आलो. चहा केला. सवयीने दोन कप. दुसराही मीच प्यायलो.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

ऑपरेशनच्या आधीची भेट. सोबत कोण राहणार ते त्यांना हवं होतं. मी म्हटलं, कोणी नाही. म्हणे चालत नाही, एक माणूस लागतंच. शेजारी? मित्र? शेवटी तोंडातून निघालं, "मुलगी आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही नाही म्हणाला होतात."

"हो."

"का?"

लाज वाटली म्हटलं. बापाला बायकांचा आजार झाला हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं. तिच्याशी मी जेवलीस का याच्या पुढे कधी बोललेलो नाही. मधे कायम तिची आई असायची.

मला वाटलं होतं, झाडतील. झाडलं नाही. खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "काका, काख साफ निघाली ती तुमची. पुरुषाला हा आजार होतो, त्याची बहीणही छातीच्याच दुखण्याने गेलेली असते, तेव्हा आम्हाला घरातल्या बायकांची काळजी लागते. रक्तातून येत असेल तर तुमच्या मुलीत येऊ शकतं. येईलच असं नाही. पण तिला माहीत नसेल तर ती तपासणार कशी? आजच सांगा."

आता कळलं रुमालवाल्या बाई काय विचारत होत्या. मी उगाच तोंड फिरवून बसलो होतो. काखेचा आणि भिंगरीचा संबंध माझ्या मनाने जोडला होता, माझ्या सोयीसाठी.

घरी येईपर्यंत एकच येत होतं मनात, ताई. तिलाही असंच कोणी काही सांगितलं नव्हतं. तिनेही कोणाला सांगितलं नाही. शेवटी शेवटी पदर छातीशी घट्ट धरून बसायची.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

फोन हातात घेतला, ठेवला. घेतला, ठेवला. भिंगरी, ऐक. भिंगरी, घाबरू नकोस. भिंगरी, बापाला एक फालतू आजार झालाय. आरशासमोर बोलून बघितलं! म्हातारा शुद्ध येडा दिसतो.

शनिवार, २९ नोव्हेंबर

नाही जमलं. डरपोक आहे मी.

रविवार, ३० नोव्हेंबर

तिचा फोन यायच्या आधी मीच केला. जेवलीस का विचारलं नाही. सगळं सांगितलं. गाठ, आत्याचं, काखेचा रिपोर्ट, डॉक्टरांशी खोटं बोललो तेही.

ती म्हणाली, "बाबा, माझी गाठ डावीकडे आहे. दिवाणखान्यात सगळे बसलेत, हळू बोलतेय. अजून कोणालाच माहीत नाही. आई असती तर तिला सांगितलं असतं. तुम्हाला कसं सांगणार होते?"

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. म्हणाल्या, आधी तिला घेऊन या. संध्याकाळच्या गाडीने तिला आणायला निघालोय.